हेस्टर विनची एकेचाळीस पानं

३ ऑक्टोबर २०२५
मँचेस्टर

शाल्मली,

हे पत्र तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवते आहे. एडिनबऱ्यातल्या घरचा पत्ता तू मला दिलेला नाहीस आणि फोनवर ब्लॉक केलं आहेस, तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. पाकिटावर माझं नाव मुद्दाम मोठं लिहिलं आहे. फेकायचं असेल तर न उघडता फेकता यावं.

कामाचं आधी सांगते. नाटकाची तारीख ठरली. पंधरा नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी सहा, तोच शाळेचा हॉल. हेस्टरचं काम आता एक मुलगी करते आहे. चांगली आहे. तुझ्याइतकी नाही, असं स्वानंद म्हणाला. बायकोला खूश करायला तो कधी खोटं बोलत नाही, हे तू पंधरा वर्षं बघितलं आहेस. तुझा राखाडी लोकरीचा घोळदार स्कर्ट माझ्याकडेच आहे. तो वापरला तर चालेल का, एवढं विचारायला हे पत्र आहे असं समज.

तेवढ्यासाठी नाही, हे तुलाही कळतंच.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. तू वहीची झेरॉक्स हातात धरून म्हणालीस, "वरदा, हे पत्र नाहीये. मुलीला सोडून आलेली बाई असं लिहीत नाही. ही कुणाला तरी उत्तरं देतेय." आणि मी म्हणाले, "मुलीला सोडून आलेली बाई कसं लिहिते, हे तुलाच माहीत असणार." सात माणसं होती तालमीला. कुणीतरी जाऊन केटल बंद केली. तू कोट घातलास आणि गेलीस.

माफी मागायचं धाडस आज नाही. कार्यक्रमपत्रिकेतला मजकूर तेवढा पाठवते, वाचून बघ:

'हेस्टर विन. जन्म फिलाडेल्फिया, १७९८. आईवडील फिरत्या नाटकमंडळीत. सहाव्या वर्षी रंगमंचावर पहिलं पाऊल. सोळाव्या वर्षी मंडळींबरोबर डोंगर ओलांडून पिट्सबर्गला आणि तिथून नावेनं नदीकाठच्या गावांत. जिथे थिएटर नव्हतं तिथे तंबाखूच्या कोठारात, मेणबत्त्यांच्या उजेडात. एका हंगामात चाळीस भूमिका. एकदा दोन दिवसांत राणीचं काम पाठ करून उभी राहिली, अंगात ताप असताना. बॉस्टनमध्ये तिला खोली द्यायला घरमालकिणी तयार होत नसत, कारण नटी. १८३४ साली मँचेस्टरला आली, दोन हंगाम गाजली, छातीच्या दुखण्यानं इथेच गेली. मुलीला तिनं अमेरिकेत सोडलं होतं. तिच्या हस्ताक्षरातली एकेचाळीस पानांची वही इथल्या एका ग्रंथालयात आहे. मुलीला लिहिलेलं, न पाठवलेलं पत्र.'

शेवटच्या तीन वाक्यांबद्दल तुझं मत हवं आहे. घाई आहे.

वरदा


१२ ऑक्टोबर

शाल्मली,

उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी पोस्टमन गेला की मी पायपुसण्यापाशी जाऊन बघते. स्वानंद म्हणतो, "कौन्सिलच्या पत्रांचं एवढं स्वागत या घरात कधी झालं नव्हतं."

तू बरोबर होतीस.

मला हे कळून तीन आठवडे झाले, म्हणजे गेलं पत्र लिहिताना मला माहीत होतं. वहीचा चांगला फोटो काढायला ग्रंथालयात गेले होते. तिथे डोरीन नावाच्या एक बाई आठवड्यातून दोन दिवस मदतीला येतात. सत्तरीच्या आहेत. विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द सुचवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी माझ्या खांद्यावरून पान बघितलं आणि म्हणाल्या, "कुठल्या नाटकातला पार्ट आहे हा, लव्ह?"

मी म्हटलं, नाटक नाही, पत्र आहे.

त्यांनी पानावर बोट ठेवलं. प्रत्येक परिच्छेदाआधी ती लांब रेघ, आणि रेघेच्या उजव्या टोकाला दोन-तीन सुटे शब्द. '...कधीच नाही.' '...समुद्रापलीकडे.' '...दार लावून घे.' आपण त्यांना हेस्टरचे हुंदके म्हणायचो. वाक्य लिहायला घेतलं, रडू आलं, शेवटचे दोनच शब्द उमटले. तिथे तिथे मी व्हायोलिन ठेवलं होतं. अकरा वेळा व्हायोलिन, शाल्मली.

ते समोरच्या नटाच्या बोलण्याचे शेवटचे शब्द आहेत. त्या काळी सगळं नाटक कुणाच्या हातात देत नसत. ज्याला त्याला आपापली वाक्यं मिळायची, आणि तोंड कधी उघडायचं ते कळावं म्हणून समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. आपल्याकडे जुन्या नाटक कंपन्यांत यालाच नक्कल म्हणत. नकला वाटायच्या, नक्कल पाठ करायची. हे मी एम.ए.च्या परीक्षेत दहा मार्कांना लिहिलेलं आहे. आणि समोर अख्खी नक्कल असताना मी दोन वर्षं तिला एका बाईचा कबुलीजबाब समजून रडत होते.

वहीतली आई कुठल्यातरी विसरून गेलेल्या नाटकातली आहे. खरी हेस्टर वेगळी निघाली. डोरीनबाईंनी त्या काळच्या खेळांची छापील पत्रकं काढून दिली. जानेवारी १८३५. नटांच्या यादीत सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: मिस विन, वय वर्षे नऊ. अशी सहा पत्रकं मिळाली. एकात मुलगी परी झाली आहे, एकात हरवलेला राजपुत्र. हेस्टरनं तिला सोडलं नव्हतं. बोटीतून बरोबर आणलं होतं आणि रोज आपल्या शेजारी उभं केलं होतं.

मी तिला मुलीला सोडून आलेली आई केलं, कारण तशी एक आई मला माहीत होती आणि मला तिच्याबद्दल लिहायचं होतं. हे कबूल करायला मला आठ महिने लागले.

नाटक नव्यानं लिहिते आहे. झालेली पानं सोबत जोडली आहेत. तू वाचावीस एवढीच इच्छा.

वरदा


२४ ऑक्टोबर

शाल्मली,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला बर्फातला किल्ला, दुसऱ्या बाजूला चार शब्द. 'काम करणारी मुलगी कोण?'

तीन दिवस ते फ्रिजवर लावून, त्याच्याकडे बघत स्वयंपाक केला. आता सांगते.

अक्षरा.

तुझीच अक्षरा. एप्रिलमध्ये तू नोकरीसाठी एडिनबऱ्याला गेलीस, ती युनिव्हर्सिटीसाठी इथे राहिली, आणि मे महिन्यात एका रविवारी ट्रामनं हॉलवर आली. "वरदामावशी, आईचा रोल मी करणार. आईला सांगू नको हं, सरप्राइज आहे. तुम्ही दोघी बोलत नाही, इट्स सो सिली. ती बघायला आली की बोलावंच लागेल ना?" मी नाही म्हणायला हवं होतं. मी तिला चहा दिला आणि पहिलं पान दिलं.

हेस्टरच्या मंडळींत एक रिवाज होता. एकदा भूमिका दिली की ती बाई कंपनीत असेपर्यंत भूमिका तिची. तिला न विचारता दुसरीला दिली तर माणसं कंपनी सोडून जात. मी तुझी भूमिका तुला न विचारता दिली, आणि ती कुणाला दिली बघ.

पण हेही अजून अर्धंच आहे.

तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी हेस्टर म्हणते: 'तिला वर्षभर आधी आणता आलं असतं. पण मला एकटीनं राहायला आवडायला लागलं होतं.'

तू हे पान पाहिलेलं नाहीस. तू गेल्यावर आठवड्याभरात मी ते वाक्य घातलं, रागात. मग ते तिथे इतकं चपखल बसलं की राग गेल्यावरही काढवेना.

२०१२ साली, अक्षराच्या शाळेच्या फाटकाबाहेर, गाडीची काच वर करून तू मला ते सांगितलं होतंस. की रघुवीरशी फारकत झाल्यावर तिला नागपूरला आजीकडे ठेवून तू आलीस, ती चार वर्षांची होती. की तिचा व्हिसा २०१० मध्येच आला होता आणि कागद वर्षभर तुझ्या खणात होते. की आजीला, अक्षराला, सगळ्यांना तू सांगितलंस व्हिसा अडकलाय. तेरा वर्षांत मी हे स्वानंदलासुद्धा बोलले नाही. नाटकात मात्र लिहिलं.

अक्षरा दर रविवारी ते वाक्य म्हणते. तिला वाटतं, ते हेस्टरचं आहे.

वरदा


२ नोव्हेंबर

शाल्मली,

काल तुझा फोन दोन मिनिटं चाळीस सेकंद चालला. मी नंतर मोबाइलवर बघितलं.

"काढ ते वाक्य."

"काढते."

"आणि तिला काही सांगायचं नाही. एक शब्दही नाही, वरदा."

आज काढलं. काय झालं ते लिहिते, कारण मला ते एकटीला पेलत नाही.

वहीची चूक मी सगळ्यांना मागेच सांगितली होती. आज शेवटची नवी पानं वाटली, तुझी प्रत सोबत जोडली आहे. अक्षरानं आपली पानं चाळली आणि तिसऱ्या प्रवेशावर थांबली.

"मावशी, ती लाइन गेली."

"हो ना. हेस्टरनं मुलीला सोडलंच नाही, मग ते वाक्य कशाला?"

"पण मी वही बघितली. डोरीननं मला स्कॅन पाठवले. ती लाइन वहीत पण नाहीये. पार्टमध्ये नाही, हेस्टरच्या लाइफमध्ये नाही. मग कोणाची आहे?"

"माझी. मीच रचली."

ती हसली. "तुझी? मावशी, तुला एकटं राहायला आवडतं? तू ट्राममध्ये पण शेजारच्याची फॅमिली हिस्टरी काढते."

सगळे हसले. मीही हसले. ती पुन्हा जुनं पान काढून बघत होती.

मी हेस्टरबद्दल खरं सांगितलं नसतं तर ते वाक्य तिच्या नावावर निमूट राहिलं असतं. हेस्टरवरचा आरोप काढला आणि ते वाक्य उघड्यावर पडलं. आता त्याला कुणीतरी धनी लागणार.

वरदा


१० नोव्हेंबर

शाल्मली,

हे स्पेशल डिलिव्हरीनं पाठवते आहे. उद्या मिळेल. तू फोन उचलत नाहीस.

काल तालमीनंतर अक्षरा खुर्च्या रचायला थांबली.

"मावशी, मी नागपूरला होते ना, तेव्हा व्हिसा किती दिवस अडकला होता?"

"आठवत नाही गं."

"तुला सगळं आठवतं. लोकांच्या वाढदिवसाचा मेनू पण आठवतो."

"आईला विचार."

"विचारलं. ती म्हणाली पेशंट आहे, नंतर करते. तीन दिवस झाले." एक खुर्ची दुसरीवर ठेवली तिनं. "ती लाइन आईची आहे का?"

मी हातातली खुर्ची ठेवली, ती नीट बसली नाही, पुन्हा उचलली.

"ओके," म्हणाली, आणि उरलेल्या खुर्च्या एकटीनं रचून गेली. बाय म्हणाली नाही. ही मुलगी आपल्या घरून कधी बाय न म्हणता गेलेली नाही.

शाल्मली, मी तुला शब्द दिला आहे आणि अजून तो पाळते आहे. पण ती मला पुन्हा विचारणार, आणि तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमणार नाही. तुझी गोष्ट मी एकदा चोरली. माझ्या तोंडून तिला कळली तर दुसऱ्यांदा चोरल्यासारखी होईल. शनिवारच्या आत तू सांग.

शाळेबाहेर तू ते सांगितलंस तेव्हा मी गाडीत काही बोलले नव्हते, फक्त टिश्यूचा डबा पुढे केला होता. खरं तर मला तुझा हेवा वाटला होता. एकतीस वर्षांची होतीस. आधी वडिलांचं घर, मग रघुवीरचं. स्वतःच्या किल्लीनं उघडलेली ती पहिली खोली होती तुझी. तिथे वर्षभर राहावंसं वाटलं यात राक्षसासारखं काही नाही, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. लेकीला सांगणं त्यामुळे सोपं होत नाही, हेही मला माहीत आहे.

माझ्यावर राग ठेव. पण ये.

वरदा


१६ नोव्हेंबर, रविवार सकाळ

शाल्मली,

काल प्रयोग संपल्या संपल्या तू तोंडावरच्या रंगासकट टॅक्सीत बसलीस आणि स्टेशन गाठलंस. म्हणून तुला माहीत नाही ते लिहिते आहे.

शुक्रवारी दुपारी तू अक्षराच्या खोलीवर गेलीस, एवढंच मला ठाऊक होतं. संध्याकाळी तिचा मेसेज आला, 'उद्या मी करू शकत नाही. आईला पण सांगितलंय. सॉरी मावशी.' शनिवारी दुपारी मी सगळ्यांना प्रयोग रद्द म्हणून कळवायच्या बेतात होते. यादी काढून बसले होते. साडेचारला हॉलचं दार ढकलून तू आत आलीस आणि म्हणालीस, "स्कर्ट कुठाय?"

"पण नवी पानं..."

"पाठ आहेत."

कमरेमागचा हूक लागेना, म्हणून मी सेफ्टी पिन उघडली. "टोचू नकोस," म्हणालीस, "तेवढं केलंस तरी पुरे."

तुझं काम कसं झालं ते मी सांगायला नको. नावेतून पिट्सबर्गच्या पुढे जातानाचा तो प्रवेश, ताप अंगात घेऊन राणी होणं, बॉस्टनच्या दारोदार खोली मागणं. पुढच्या रांगेतल्या डॉक्टर मंडळींनी चक्क मोबाइल खाली ठेवले. मग तिसऱ्या प्रवेशाचा शेवट आला. तू थांबलीस. मी विंगेत पान धरून बसले होते. मला वाटलं विसरलीस, सुचवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "आता हेस्टर नाही. आता मी बोलतेय. तिला वर्षभर आधी आणता आलं असतं. कागद आले होते. पण मला एकटीनं राहायला आवडायला लागलं होतं."

एकशे दहा माणसं होती. निम्म्यांना ते नाटकातलंच वाटलं. उरलेली श्वास रोखून बसली. तू तिसऱ्या रांगेत, आल्याआल्या तिच्यासाठी राखून घेतलेल्या खुर्चीकडे बघत होतीस. खुर्ची रिकामी होती. मग तू शाल पुन्हा घेतलीस आणि नाटक पुढे नेलंस. कसं नेलंस, मला कळत नाही.

आता ऐक. ती आली होती. मागच्या दाराशी उभी होती, अंगावर कोट, हातात सायकलचं हेल्मेट. समोरून दिवे डोळ्यांत येतात, तुला तिथून दार दिसणं शक्य नव्हतं. मला विंगेतून दिसत होतं. तू ते वाक्य म्हणालीस तेव्हा तिनं दाराच्या कडीवर हात ठेवला. मला वाटलं, गेली. पण तिनं दार आतून नीट लोटून घेतलं, आणि तिथेच रेडिएटरजवळ जमिनीवर बसली. शेवटपर्यंत बसली. मी धावत मागच्या बाजूला आले तोवर तू गेली होतीस, आणि ती मला विचारत होती, "आई कुठेय?"

फोन लावला तिनं. तुझा बंद होता.

तिला घरी आणलं. स्वानंदनं वरणभात वाढला, तिनं चिवडला. मग आपण होऊन म्हणाली, "फ्रायडेला आई म्हणाली की तिची एक्झाम होती म्हणून मला आणायला लेट झाला. खूप रडली. पण मला ती लाइन माहीत होती ना मावशी, म्हणून कळत होतं की अजून खोटं बोलते. म्हणून मी तिला जा म्हटलं. काल खरं बोलली." काल म्हणाली ती, तासाभरापूर्वीच्या गोष्टीला. तिला तो फार मागचा दिवस वाटत असावा.

आज सकाळी सॅक भरून जिन्यात उभी राहिली. मी विचारलं, कुठे? तर म्हणाली, "एडिनबराला. मी माफ करायला नाही जात, ओके? मला विचारायचंय त्या वर्षी ती काय करायची. हॉस्पिटलमधून घरी येऊन. काय जेवायची. गाणी लावायची का. एकटीच हसायची का. माझ्यापेक्षा जास्त आवडलं म्हणजे ते काहीतरी मस्त असणार ना." शेवटचं म्हणताना आवाज फुटला तिचा, पण म्हणाली.

सगळं सांग तिला. जे आवडलं ते आवडलं म्हणूनच सांग, परीक्षेचं नाव काढू नकोस.

माझं काय करायचं ते तू ठरव. त्याला घाई नाही, आणि नाही ठरवलंस तरी मी समजून घेईन.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. अक्षराच्या हातात देते आहे. सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नाही, आणि तिथे पाऊस आहे असं मोबाइल सांगतोय. दारात उभी राहून हे वाचत बसू नकोस. आधी तिला आत घे.

वरदा